एक गाव, चार भाषा

शाळेच्या सर्वसाधारण नोंदवहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे मातृभाषेचा रकाना असतो. त्यात एकच शब्द लिहायचा असतो. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील बहुतेक शाळांत तो शब्द ‘मराठी’ असतो आणि बहुतेक मुलांच्या बाबतीत तो बरोबरही असतो. पण जत तालुक्यातील एखाद्या मुलाच्या घरी कानडी बोलतात. मिरजेतील एखाद्या मुलीच्या घरी दखनी उर्दू, कैकाडी वस्तीवर कैकाडी, तर वडार वस्तीवर तेलुगूला जवळची असलेली वडारी बोलतात. हीच मुले दुकानात, रस्त्यावर आणि खेळताना सहज मराठी बोलतात. मग अशा मुलाची भाषा कोणती? उत्तर एका शब्दात मावत नाही.

एका प्रदेशाची एक भाषा हीच स्वाभाविक स्थिती, आणि दोन-तीन भाषा बोलणारे गाव म्हणजे अपवाद, असे आपण धरून चालतो. कृष्णाकाठचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. येथे अनेक भाषा शेजारी नांदणे हीच शतकानुशतके रोजची गोष्ट होती. त्या नुसत्या शेजारी राहिल्या नाहीत, तर त्यांनी एकमेकींचे व्याकरणही बदलले. हे कसे घडले, ते या लेखात आपण पाहू. वर्गातील काही ‘चुकां’कडे वेगळ्या नजरेने पाहायला त्याचा उपयोग होईल.

सीमारेषेआधीचा मुलूख

आजचा सांगली जिल्हा तसा नवा आहे. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे वाळवा, तासगाव, खानापूर यांसारखे तालुके आणि सांगली, मिरज, जत इत्यादी संस्थानांचे मुलूख एकत्र करून ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा बनवण्यात आला. १९६० साली त्याला ‘सांगली’ हे नाव मिळाले. म्हणजे ज्या सीमेच्या अलीकडे मराठी आणि पलीकडे कानडी असे आपण म्हणतो, ती सीमा एका माणसाच्या आयुष्याएवढीच जुनी आहे.

पटवर्धनांचे सांगली संस्थान घ्या. त्याचे सहा तालुके होते : मिरजप्रांत, कुची, मंगळवेढे, तेरदाळ, शहापूर आणि शिरहट्टी. यांतील तेरदाळ आज बागलकोट जिल्ह्यात आहे, शिरहट्टी गदग जिल्ह्यात, तर शहापूर बेळगाव शहराचा भाग झाले आहे. एकाच दरबाराची रयत काही ठिकाणी मराठी, काही ठिकाणी कानडी आणि बऱ्याच ठिकाणी दोन्ही बोलणारी होती. असे संस्थान चालवायचे तर कारकुनापासून वसुली कामगारापर्यंत अनेकांना दोन्ही भाषा कळणे भागच होते.

त्याच्या मागे गेलो, तर वाई, कऱ्हाड, मिरज हा सगळा टापू विजापूरच्या आदिलशाहीत होता. दरबाराची भाषा फारसी होती. पहिल्या इब्राहिम आदिलशहाने सोळाव्या शतकात हिशेबाचे दफ्तर फारसीतून देशी भाषेत आणले आणि ते ब्राह्मण कारकुनांच्या हाती गेले, असे इतिहासकार फेरिश्ता याने नोंदवले आहे. वरचा मजकूर फारसीत आणि खालचा मोडी मराठीत अशी आदिलशाही कागदपत्रेही सापडतात. या सहवासाची खूण आपल्या शाळेतच आहे. दप्तर, कागद, शाई, हजेरी आणि तारीख हे पाचही शब्द फारसी-अरबीतून आलेले आहेत. घरात जावे तर कानडी भेटते. अण्णा, अक्का आणि अप्पा ही नाती तिकडची. तूप हा शब्द कानडी ‘तुप्प’चा सख्खा. अडकित्ता म्हणजे ‘अडके’ची, अर्थात सुपारीची, ‘कत्तरि’ म्हणजे कात्री.

सांगलीचे नाटक

भाषांच्या देवघेवीत फक्त शब्दच येतात असे नाही. मराठी रंगभूमीचा आरंभ आपण ५ नोव्हेंबर १८४३ या दिवशी सांगलीत झालेल्या विष्णुदास भावे यांच्या ‘सीता स्वयंवर’पासून मानतो. त्याच्या आधी थोड्याच काळात उत्तर कानडा भागातील भागवत मंडळींचा एक मेळा सांगलीत येऊन खेळ करून गेला होता. ते यक्षगानाच्या परंपरेतील कानडी खेळ होते. संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी ते पाहिले आणि असेच काही मराठीत करावे असे भाव्यांना सुचवले. सूत्रधाराने पदे गाऊन कथा पुढे नेणे आणि पात्रांनी त्यानुसार अभिनय करणे, ही भाव्यांच्या नाटकांची पद्धत त्या खेळांशी नाते सांगते. कानडीचा गंधही नसलेल्या गावात हे घडणे कठीण होते.

पुढे प्रवाह उलटा वाहिला. मराठी नाटक मंडळ्या हुबळी, धारवाड आणि गदगपर्यंत खेळ करू लागल्या आणि तेथील कानडी प्रेक्षक ते आवडीने पाहू लागले. यामुळे अस्वस्थ होऊन शांतकवी यांनी १८७० च्या दशकात गदगला कानडी नाटके लिहून मंडळी उभी केली. आधुनिक कानडी रंगभूमीचा तो एक आरंभ मानला जातो.

ही हकीकत सरळ गोडीगुलाबीची नाही. एका भाषेचे वजन वाढले की दुसरीच्या बोलणाऱ्यांना ते टोचते. ब्रिटिश अमदानीच्या सुरुवातीस धारवाडकडील सरकारी शाळांत मराठी शिकवली जाई. तेथील मुलांना कानडीतून शिकता यावे म्हणून आधी वॉल्टर एलियट या अधिकाऱ्याने आणि पुढे डेप्युटी चन्नबसप्पा यांनी खटपट केली. आज सीमेच्या अलीकडे कानडी घरातील मुलाची जी अडचण होते, तीच त्या काळी पलीकडच्या मुलांची होती. भाषा तेवढ्या बदलल्या.

कुपवाडची गोष्ट

सांगली-मिरजेला लागून असलेले कुपवाड आता औद्योगिक वसाहतीसाठी ओळखले जाते. १९९८ पासून ते सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेचा भाग आहे. पण जगभरच्या भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना या गावाचे नाव वेगळ्याच कारणाने माहीत आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अमेरिकेतील अभ्यासकांनी येथील बोलण्याचा अभ्यास करून लिहिलेला निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला. त्यात गावाचे नाव ‘कुपवार’ असे आले आहे.

तेव्हा गावाची वस्ती सुमारे तीन हजार होती आणि घरोघरी मिळून चार भाषा बोलल्या जात. जैन शेतकरी आणि लिंगायत यांच्या घरी कानडी होती, तर मुसलमान शेतकऱ्यांच्या घरी उर्दू. दलित आणि भूमिहीन मजुरांच्या घरी मराठी होती आणि दोर वळणाऱ्यांच्या घरी तेलुगू. कानडी आणि मराठी बोलणारे गावात सहाशेहून अधिक वर्षे आणि उर्दू बोलणारे तीन-चारशे वर्षे राहात असल्याचे या अभ्यासकांनी म्हटले आहे. तेलुगू बोलणारे त्या मानाने नवे, तरी त्यांनाही अनेक दशके झाली होती. गावातील बहुतेक पुरुषांना एकाहून अधिक भाषा येत.

मग इतक्या वर्षांत तीन भाषा मरून एकच का उरली नाही? याचे उत्तर भाषेपेक्षा समाजरचनेत आहे. घरची भाषा ही आपल्या जातीची आणि धर्माची खूण होती. सोयरीक आपल्यात, देवधर्म आपल्यात, म्हणून घरची बोलीही आपलीच. वेगवेगळ्या घरांतील माणसे एकत्र आली की बहुधा मराठी बोलत. ती गावातील जमीनवाल्यांची घरची भाषा नव्हती. त्यामुळे जैनाने मुसलमानाशी मराठीत बोलले, तर कोणाचा मोठेपणा मान्य केल्यासारखे होत नसे. शिवाय आजूबाजूच्या मुलखातही तीच चाले. आता हेही सांगितले पाहिजे की भाषा टिकवणारी ही भिंत जातीची होती. अनेक भाषांचे गाव म्हणजे समतेचे गाव असे समजण्याचे कारण नाही.

शब्द वेगळे, सांगाडा एक

आता शास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग येतो. एकच माणूस सकाळी घरी कानडी, बांधावर मराठी आणि बाजारात उर्दू बोलतो. प्रत्येक वेळी शब्द बदलणे त्याला भागच आहे, कारण शब्दांवरूनच ‘ही आमची भाषा’ हे ओळखू येते. पण वाक्य जुळवण्याच्या पद्धतीकडे कोणाचे लक्ष नसते. तेथे मेंदू श्रम वाचवतो. तीन सांगाडे वेगवेगळे सांभाळण्यापेक्षा एकाच सांगाड्यावर तीन प्रकारचे शब्द चढवणे सोपे पडते. कुपवाडच्या बोली अशाच एकमेकींकडे सरकल्या, असे या अभ्यासकांना दिसले.

काही उदाहरणे पाहू. ‘हे माझे घर आहे’ हे वाक्य प्रमाण कानडीत ‘इदु नन्न मने’ असे होते. शब्दशः ‘हे माझे घर’. ‘आहे’ची गरज नाही. कुपवाडच्या कानडीत मात्र मराठीप्रमाणे शेवटी ‘आहे’ या अर्थाचे क्रियापद येते.

दुसरे उदाहरण ‘आम्ही’ आणि ‘आपण’चे. ‘आम्ही सहलीला जाणार’ म्हटले तर ऐकणारा त्यात नसतो. ‘आपण सहलीला जाणार’ म्हटले तर तो असतो. मराठी मुलाला हा फरक न शिकवता येतो. संस्कृतात तो नाही आणि प्रमाण उर्दूत दोन्हींसाठी एकच ‘हम’ आहे. तमिळ आणि तेलुगू या द्राविडी भाषांत मात्र तो ठळक आहे. तमिळमध्ये ‘नांगळ्’ आणि ‘नाम्’, तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’. मराठीत हा भेद द्राविडी भाषांच्या सहवासाने रुजला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. कुपवाडच्या उर्दूत शेजारच्या भाषांमुळे हा भेद आलेला आढळला.

तिसरे उदाहरण लिंगाचे. प्रमाण उर्दूत प्रत्येक निर्जीव वस्तूलाही पुल्लिंग किंवा स्त्रीलिंग असते. कानडीचा नियम साधा आहे. पुरुष तेवढे पुल्लिंगी, बाया स्त्रीलिंगी आणि बाकी सर्व नपुंसकलिंगी. कुपवाडची उर्दू या साध्या नियमाकडे झुकलेली होती.

भाषांची कुळे वेगळी असूनही त्या सहवासाने सारख्या होतात, हे संपूर्ण भारताच्या बाबतीत मरी एमेनो या अभ्यासकाने १९५६ सालीच मांडले होते. ‘मी बाजाराला जाऊन आलो’ हे वाक्य कानडीत ‘नानु संतेगे होगि बंदे’ असे होते. मी – नानु, बाजाराला – संतेगे, जाऊन – होगि, आलो – बंदे. एकही शब्द सारखा नाही, पण तुकड्यास तुकडा जुळतो. मराठी आर्य कुळातील आणि कानडी द्राविडी कुळातील, तरीही. कुपवाडमध्ये हीच क्रिया एका गावाच्या हद्दीत, जणू भिंगाखाली पाहता आली.

सुमारे चाळीस वर्षांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील सोनल कुलकर्णी-जोशी यांनी कुपवाडचा पुन्हा अभ्यास केला. त्यांचा निबंध २०१६ साली प्रसिद्ध झाला. तुकड्यास तुकडा जुळण्याचे आधीचे चित्र प्रत्यक्षापेक्षा अधिक नीटनेटके होते, असे त्यातून दिसते. राज्यभाषा झालेल्या मराठीचे वजन आता बरेच वाढले आहे, हेही दिसते. शास्त्रात असेच व्हायला हवे. गाजलेला निष्कर्षही पुन्हा जागेवर जाऊन तपासायचा असतो.

सीमा आली, मुले तेथेच राहिली

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. बेळगाव, विजापूर, धारवाड आणि कारवार हे जिल्हे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. भाषेप्रमाणे राज्ये करण्यात लोकांचा कारभार लोकांच्या भाषेत व्हावा हा हेतू होता आणि तो रास्तच होता. पण रेघ कोठेही ओढली तरी दोन्ही बाजूंना दुसरी भाषा बोलणारे उरणारच होते. हे ओळखून त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ३५०-क हा अनुच्छेद घालण्यात आला. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी पुरेशा सोयी करण्याची जबाबदारी त्याने राज्यांवर टाकली. जत तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या कानडी शाळा याच जबाबदारीशी निगडित आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये जतमधील काही गावांवर कर्नाटकाने हक्क सांगितला तेव्हा मोठे वादळ उठले. गावकऱ्यांचे खरे दुखणे मात्र पाण्याचे होते.

ज्या भाषांना राज्य नाही, त्यांचे काय? ग्रियर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाच्या १९०६ सालच्या चौथ्या खंडात कैकाडीची नोंद तमिळच्या कुटुंबात आणि वडारीची तेलुगूच्या कुटुंबात आहे. या भाषांची लिपी नाही, पाठ्यपुस्तक नाही, शाळाही नाही. फलटण तालुक्यात जन्मलेल्या लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने १९८० साली कैकाडी समाजाचे जगणे मराठी वाचकांपुढे आणले. त्या जगण्यात एक वेगळी भाषाही आहे. अशी भाषा घेऊन येणारे मूल पहिलीच्या वर्गात गप्प बसते. ते मंद आहे म्हणून नव्हे, तर वर्गात काय चालले आहे हे त्याला निम्मेच कळते म्हणून.

दोन भाषांनी मूल गोंधळते का?

‘घरी वेगळी भाषा बोलता, म्हणून तो मागे पडतो, घरी मराठीच बोला’ असा सल्ला पालकांना पुष्कळदा दिला जातो. त्यामागे एक जुनी समजूत आहे. १९२३ साली सेअर या अभ्यासकाने वेल्समधील मुलांच्या चाचण्या घेतल्या. त्यात खेड्यांतील द्वैभाषिक मुले बुद्धीने कमी ठरली, आणि दोन भाषांचे ओझे बुद्धीला बाधक असा निष्कर्ष रूढ झाला. पण शहरातील मुलांत तसा फरक दिसला नव्हता. मग कारण भाषा की घरची परिस्थिती, हा प्रश्न उरतोच. १९६२ साली पील आणि लॅम्बर्ट यांनी कॅनडातील मॉन्ट्रियल येथे दहा वर्षांच्या मुलांची पाहणी केली. दोन्ही गटांची आर्थिक-सामाजिक पातळी त्यांनी सारखी राहील असे पाहिले. या वेळी द्वैभाषिक मुले सरस ठरली. त्यांच्या निवडीवरही पुढे आक्षेप आले. दोन भाषांमुळे बुद्धी वाढते का, यावर आजही एकमत नाही. दोन भाषांमुळे ती कमी होते, या म्हणण्याला मात्र आधार उरलेला नाही.

म्हणून मुलाच्या ‘चुका’ थोड्या थांबून पाहाव्यात. कानडी घरातील मूल ‘पाटी पडलं’, ‘दगड पडलं’ असे म्हणाले, तर ते बेफिकिरीने बोलत नाही. निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी, हा त्याच्या घरच्या भाषेचा काटेकोर नियम ते मराठीला लावत आहे. दखनी बोलणाऱ्या मुलीची चूकही अशीच तपासून पाहावी, तिच्यामागेही बहुधा नियमच निघेल. नियम ओळखला की शिकवणे सोपे होते. ‘तुझ्या घरी असे म्हणतात, मराठीत असे म्हणतात’ एवढे सांगितले तरी मुलाला फरक कळतो, आणि घरची भाषा अशुद्ध ठरत नाही.

वर्गात करून पाहा

याचा एक छोटा प्रकल्प पाचवी ते सातवीच्या मुलांकडून करून घेता येईल. फळ्यावर एक तक्ता काढा. आजीशी, आईशी, शेजाऱ्यांशी, दुकानदाराशी, देवापुढे आणि भांडताना आपण कोणती भाषा वापरतो, ते प्रत्येक मुलाने त्यात भरावे. एकाच मुलाच्या ओळीत दोन-तीन भाषा आलेल्या दिसतील. मग ‘मी बाजाराला जाऊन आलो’ यासारखी पाच साधी वाक्ये घ्या. वर्गातील प्रत्येक घरच्या भाषेत ती देवनागरीत लिहून एकाखाली एक मांडा आणि तुकडे जुळवा. कोठे जुळतात आणि कोठे जुळत नाहीत, ते मुलांनाच शोधू द्या. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना प्रत्येक भाषेत वेगवेगळे शब्द आहेत का, हेही विचारा.

या तासाला वर्गात नेहमी गप्प असणाऱ्या मुलाला आधी बोलू द्यावे. त्या पाच वाक्यांपुरते शिक्षकांसह साऱ्या वर्गाला त्याच्याकडून शिकावे लागेल. वाक्ये गोळा झाली की तारीख आणि गावाचे नाव घालून तो कागद शाळेत जपून ठेवावा. काही वर्षांनी पुढच्या मुलांकडून तीच पाच वाक्ये पुन्हा लिहून घेतली, तर मधल्या काळात गावात काय बदलले, हे त्या दोन कागदांवरून ताडून पाहता येईल.